भगवान शेजवळ दहापर्यंत मोजायचे

भगवानकाका शेजवळ बोलण्यासाठी प्रसिद्ध होते, पण त्यांचं खरं कसब गप्प बसण्यात होतं. कल्याणजवळच्या मोहन्यात हे लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि तरी नेमकं तेच मी कापून टाकलं. कापणं हे माझं कामच आहे. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका ऑडिओ कंपनीत मी एडिटर आहे. लोकांचे खोकले, खाकरणं, 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' हे सगळं काढून त्यांना हुशार करण्याचा मला पगार मिळतो.

मी मूळची मोहन्याची. माझे बाबा आणि भगवानकाका रेयॉनच्या कंपनीत एकाच खात्यात, एकाच पाळीला होते. कंपनी बंद पडली तेव्हा बाबांनी बिऱ्हाड उचललं आणि आम्ही डोंबिवलीत मानपाडा रोडला आलो. काका तिथेच राहिले. कुठे वॉचमन, कुठे कल्याणच्या छापखान्यात पुस्तकं शिवण्याचं काम, असं करत त्यांनी दिवस काढले. पण ते पोटापुरतं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काम वेगळंच होतं. ते पुण्यानुमोदनाचे सूत्रसंचालक होते.

आमच्या बौद्ध वस्तीत माणूस गेलं की काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. विहारात मूर्तीपुढे मेणबत्त्या लागतात, गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, त्रिसरण-पंचशील होतं, आणि मग एकेक जण उठून त्या माणसाविषयी चार शब्द बोलतो. चार शब्द म्हणायचं, पण माइक हातात आला की आमच्यातला प्रत्येक जण स्वतःच्या नोकरीपासून सुरुवात करतो, आणि गेलेलं माणूस बिचारं फोटोत बसून ऐकतं. अशा वेळी सूत्रसंचालक खमका लागतो. काका पांढरा झब्बा घालून उभे राहायचे आणि लांबलेल्या वक्त्याच्या खांद्यावर असा काही हात ठेवायचे, की त्याला अपमानही वाटू नये आणि माइकही सुटावा.

सगळे बोलून झाले की ते विचारायचे, "आणखी कोणी?" आणि मग गप्प उभे राहायचे. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचे. घाईघाईने नाही, श्वास घेत घेत. ही सवय त्यांना फ्यूजमुळे लागली होती. तीसेक वर्षांपूर्वी दगडू म्हणून त्यांच्या खात्यातला एक कामगार गेला. त्याच्या कार्यक्रमात काकांनी "आणखी कोणी?" विचारलं आणि पुढच्याच क्षणाला ते समारोप करणार, एवढ्यात फ्यूज उडाला. माइक बंद. फ्यूज बसेपर्यंत सगळे नुसते बसून राहिले. आणि त्या वेळात मागच्या रांगेतून दगडूची बायको रंगूबाई उठली. जन्मात चार माणसांत तोंड न उघडलेली बाई. माइकशिवाय वीस मिनिटं बोलली. काका मला सांगायचे, "रचना, ज्याला खरंच काही सांगायचंय ना, तो सातला-आठला उठतो. पहिल्या दोनला उठतात ते नुसते भाषणवाले."

त्यांची बायको शकूकाकू मात्र हे ऐकलं की स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाहेर दहा मोजतो. माझ्यासमोर दोनलाच सुरू होतो!"

पॉडकास्टची कल्पना माझी. आमच्या कंपनीला 'खऱ्या माणसांचा कंटेंट' हवा होता, आणि मला काकांइतका खरा माणूस ठाऊक नव्हता. मी त्यांना ठाण्याला घेऊन आले. आमचे साहेब ऋतुराज, वय चौतीस. त्यांनी काकांचा आवाज दोन मिनिटं ऐकला आणि खुर्चीतून पुढे सरकले. आवाज होताच तसा. थोडा घोगरा, आणि 'बसा' म्हणाला की माणूस बसायचाच. पॉडकास्टचं नावही ठरवावं लागलं नाही. 'आणखी कोणी?' मोहने, आंबिवली, दिवा, डोंबिवली इथली साधी माणसं काकांसमोर बसून स्वतःविषयी सांगायची. बंद कंपनीतला फिटर, चाळीस वर्षं पोळ्या लाटणारी बाई, स्मशानातला नोंदणी कारकून. वर्षभरात ऐकणारे पन्नास हजारांवर गेले. काकांना या आकड्याचा अर्थच कळत नसे. ते विचारायचे, "म्हणजे विहारात बसवले तर किती विहार?"

आणि मी काय करत होते? मी कापत होते. स्क्रीनवर माणसाचा आवाज डोंगरासारखा दिसतो आणि शांतता सपाट रेघ. आमच्याकडे एक आलेख असतो, कुठल्या सेकंदाला किती ऐकणारे निघून गेले त्याचा. जिथे काका दहा मोजत, तिथे लोक निघून जात. मग मी ती सपाट रेघ उचलून फेकायचे. एक बटण आहे, त्याने सगळ्या एका झटक्यात जातात. काका म्हणायचे, "तेवढं ठेव गं, ती बाई तिथे विचार करत होती." मी "हो काका" म्हणायचे, त्यांच्या समाधानापुरती एखादी ठेवायचे आणि बाकीच्या उडवायचे. मूळ रेकॉर्डिंग तीन महिन्यांनी सर्व्हरवरून आपोआप पुसली जात. जागा लागते म्हणून. शांततेला आवाजाएवढीच जागा लागते, हे लोकांना माहीत नसतं.

आता कमळाबाईविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्यापाशीच येऊन थांबते.

कमळाबाई काकांच्या चाळीत, चार खोल्या सोडून राहायची. सत्तरीची. नवराही रेयॉनमध्येच होता, तो केव्हाच गेला. मुलगी विनिता दिव्याला दिलेली. मुलगा उत्तम मानपाड्याच्या बाजूला एका केमिकल फॅक्टरीत लागला होता. आठ वर्षांपूर्वी तिथे स्फोट झाला, त्यात तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. तेव्हापासून कमळाबाईने मुलाचं नाव तोंडातून काढलेलं कुणी ऐकलं नव्हतं. बाकी बाई बोलकी होती, पाण्यावरून भांडायची, टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवायची, पण उत्तमचा विषय आला की उठून आत जायची.

उत्तमच्या पुण्यानुमोदनाला काकाच होते. "आणखी कोणी?" विचारून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि दहा मोजले. मग पुन्हा दहा मोजले. ती उठली नाही. "दोनदा मोजले, रचना," काका मला म्हणाले होते. "मला दिसत होतं, तिला सांगायचंय. म्हणून मी अजून मोजतोय." मोजतोय म्हणजे काय, तर आठ वर्षं दर रविवारी संध्याकाळी ते तिच्याकडे चहाला जायचे, तासभर बसायचे आणि काहीही न विचारता परत यायचे. ती त्यांना एकदाच म्हणाली होती, "सांगेन भगवान. माझं मला वाटलं की सांगेन. तेव्हा तूच ये, दुसरं कोणी आणू नकोस."

काकांची एक वही होती. पुढे कुणाकुणाला बोलवायचं त्यांची नावं आणि फोन नंबर त्यात लिहिलेले. काही नावांपुढे पेनाने गोल काढलेला असे. गोल म्हणजे आपण फोन करायचा नाही, ते माणूस आपणहून बोलावील तेव्हाच जायचं. हे त्यांनी मला वही दाखवून नीट समजावलं होतं. 'कमळाअक्का' या नावापुढचा गोल इतक्या वेळा गिरवलेला होता की तिथला कागद पातळ झाला होता.

मागच्या वर्षी श्रावणाच्या सुमाराला काकांना कावीळ झाली. कल्याणला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, नंतर दोन महिने सक्तीची विश्रांती. पॉडकास्टचे भाग संपत आले. ऋतुराज सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काकांनी पूर्वी एका कागदावर सही केली होती, त्यांचा आवाज 'प्रोमो व तत्सम कारणांसाठी' वापरण्याबद्दल. काकांनी तो कागद वाचला होता. ते प्रत्येक कागद वाचत. पण 'तत्सम' या शब्दात काय काय मावतं, ते त्यांना तरी कसं कळणार? मला तरी कुठे कळलं होतं.

सर म्हणाले, "रचना, काकांचे सगळे एपिसोड आपल्याकडे आहेत. त्यावरून त्यांचा आवाज बनतो. नुसता आवाज नाही, बोलण्याची पद्धतसुद्धा. फोनवर पाहुण्यांशी तोच बोलेल, तोच प्रश्न विचारेल. काका बरे होईपर्यंत."

मी हॉस्पिटलमध्ये जाऊन काकांना विचारलं. ते पिवळ्या डोळ्यांनी हसले. "माझ्या बदली मशीन? आमच्या खात्यात पण बदली कामगार असायचा. चालू दे, काम थांबायला नको." बदली कामगार म्हणजे कायमचा कामगार परत आला की बाजूला होणारा. काकांच्या डोक्यात तेच होतं.

पहिला भाग निघाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब. तोच घोगरेपणा, तेच 'बसा'. दिव्यातल्या एका टँकरवाल्याशी बोलणं होतं, पाण्याचं. प्रश्नसुद्धा चांगले होते, मी खोटं कशाला बोलू. कमेंटमध्ये लोकांनी लिहिलं, 'काका आज फॉर्मात'. एकालाही शंका आली नाही. जी माणसं दर आठवड्याला काका ऐकतात, त्यांनाही नाही. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा रागासारखं काहीतरी आलं, आणि तो राग कुणाचा करायचा ते कळेना.

पण मशीन थांबत नव्हतं. टँकरवाला म्हणाला, "वडील रांगेतच पडले," आणि त्याचं वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न आला. मी आमच्या इंजिनीअरकडे गेले आणि म्हटलं, हे काकांसारखं नाही, काका थांबतात. त्याने मला आलेख काढून दाखवला. सगळ्या भागांमधलं, पाहुण्याचं बोलणं संपल्यापासून काकांचा प्रश्न येईपर्यंतचं अंतर. सरासरी पाऊण सेकंद. "मॅडम, तुमचे काका थांबतच नाहीत," तो म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. त्याला मिळालेले सगळे भाग माझ्या हाताखालून गेलेले होते. मी जागेवर येऊन बसले.

तेव्हाच थांबायला हवं होतं, आणि मी थांबले नाही. पुढच्या आठवड्यात सरांना पाहुण्यांची यादी शीटमध्ये हवी होती. काकांची वही माझ्याकडे होती. शुक्रवार होता, आणखी दोन कामं डोक्यावर होती. मी नावं आणि नंबर भराभर टाइप करत गेले. शीटमध्ये नाव, नंबर, गाव, विषय असे चार कॉलम होते. गोलाला कॉलम नव्हता. 'कमळाअक्का' हे नाव टाइप करताना मी अडखळले, हे मला पक्कं आठवतं. तो पातळ झालेला कागद माझ्या बोटाला लागला. मनात म्हटलं, सोमवारी काढून टाकू. विषयाच्या रकान्यात मी 'मुलगा उत्तम' असंही लिहिलं.

मशीनला सोमवार कशाला हवा? शनिवारी दुपारी त्याने फोन केला.

ते रेकॉर्डिंग मी सोमवारी सकाळी ऐकलं. अकरा मिनिटांचं होतं. सुरुवातीला सूचना येते की हा कॉल स्वयंचलित असून ध्वनिमुद्रित होत आहे, पण ती सूचना अशी भरधाव जाते की शिकलेल्या माणसालाही कळू नये. मग काकांचा आवाज येतो. "कमळाअक्का, भगवान बोलतोय. उत्तमविषयी बोलायचं का आज?"

"थांब, गॅस बंद करते," कमळाबाई म्हणते. पावलांचा आवाज, मग स्टूल ओढल्याचा. "बरं झालं तूच केलास. मी रोज म्हणते करीन, करीन. हॉस्पिटलमधनं आल्यापासनं पडूनच आहेस म्हणे. बरा आहेस ना?"

मशीन म्हणतं की मी मजेत आहे. मग ती हळूहळू बोलायला लागते. आधी उत्तमच्या शाळेचं, मग त्याच्या नोकरीचं. आठ वर्षं न घेतलेलं ते नाव ती दोन मिनिटांत चारदा घेते. आणि मग सांगते, "त्या दिवशी त्याला ताप होता. म्हणला, आई, आज नाही जात. मीच म्हणलं, दांडी मारू नको, पर्मनंट करायची वेळ आलीय. डबा भरून हातात दिला. तो दारातनं परत आला, पाणी प्याला आणि मग गेला. मी पाठवला रे त्याला, भगवान. मी पाठवला."

इथे काका असते तर त्यांनी मोजायला सुरुवात केली असती. दहा, वीस, कितीही.

पाऊण सेकंदाने काकांचा आवाज म्हणतो, "हे ऐकून खूप वाईट वाटलं, अक्का. तुमच्या धैर्याला सलाम. आता आमच्या श्रोत्यांना उत्तमची एखादी गमतीशीर आठवण सांगा ना."

मग सपाट रेघ आहे. नऊ सेकंद. त्यातही मशीन दोनदा विचारतं, "हॅलो? अक्का, आवाज येतोय का?"

"येतोय," कमळाबाई म्हणते. "तुझा आवाज येतोय." आणि फोन ठेवते.

मी हेडफोन काढले. सरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, ऐकून तेही पांढरे पडले. म्हणाले, आत्ता पुसून टाक. मी पुसून टाकलं. पण ते रेकॉर्डिंग होतं, तिच्या कानातलं कसं पुसणार?

काहीतरी बिघडलंय एवढं काकांना तोवर कळलं होतं. नुकते हिंडायफिरायला लागलेले, काठी टेकत रविवारी नेहमीप्रमाणे तिच्याकडे गेले तर तिने दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाली, "काल बोललास तेवढं पुरे झालं." काकांना अर्थच लागेना. त्यांनी मला फोन केला आणि मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं.

पुढच्या रविवारी मी मोहन्याला गेले. काका म्हणाले, चल, दोघं जाऊन तिला समजावू. चाळीच्या वाटेवर ते मध्येच उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "रचना, त्या गोलाचं तुझ्या लक्षात होतं का?"

"नाही काका," मी म्हणाले. "डोक्यातनंच गेलेलं."

ते काठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं दम लागला असेल. मग म्हणाले, "बरं." आणि चालायला लागले.

कमळाबाईने या वेळी दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तो मी नव्हतो अक्का, ते मशीन होतं, माझा आवाज घेऊन बनवलेलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मशीनचं तिला पटलं, टीव्हीवर तिने असलं काहीतरी बघितलं होतं.

"आवाज तुझा होता," ती म्हणाली.

"हो."

"अक्का म्हणालं ते."

"हो."

"मग त्याला माझा नंबर कुणी दिला? उत्तमचं नाव कुणी सांगितलं?"

मी काकांच्या मागे उंबऱ्यापाशी उभी होते. तोंड उघडलं होतं मी, शप्पथ. पण शब्द निघायच्या आत काका म्हणाले, "मी दिला, अक्का. वही माझी होती."

कमळाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. विनिताला पण नाही. आठ वर्षं तू गप बसलास म्हणून तुला सांगितलं. आणि तू मला गंमत विचारलीस." तिचा आवाज चढला नव्हता. "जा आता. तुझा आवाज माझ्या घरात नको."

परत येताना मी रडत होते आणि काका माझी समजूत घालत होते, यापेक्षा लाजिरवाणं मी काही केलेलं नाही. मी विचारलं, तुम्ही स्वतःवर का घेतलंत? म्हणाले, "वही मीच दिली ना तुला? मग." आणि विषय बंद केला.

त्यानंतर काकांनी माइक हातात घेतला नाही. वस्तीत कमळाबाईने कुणाला काही सांगितलं नाही, पण भगवानला घरात घेत नाही एवढं लोकांना दिसत होतं, आणि त्याचे अर्थ लावायला लोक बसलेलेच असतात. कंपनीने त्यांना कळवलं की आता त्यांनी धावपळ करू नये, संकल्पना म्हणून नाव राहील. त्यांनी उलट विनंती केली की माझा आवाज बंद करा. मग आवाज थोडा तरुण करण्यात आला, त्याला दुसरं नाव देण्यात आलं. ओळखणारे ओळखतातच. चाळीतली पोरं काकांना फोन करून विचारायची, "काका, तुम्हीच ना? का मशीन?" गंमत म्हणून. काकांनी फोन उचलणं सोडलं. शकूकाकू उचलायची आणि शिव्या घालायची. तीच शकूकाकू मला एकदा म्हणाली, "आता घरात पण काही बोलत नाही गं. भांडला असता तर बरं झालं असतं."

ऐकणारे मात्र वाढले. मी ती नोकरी सोडली असं तुम्हाला वाटत असेल तर सोडली नाही. घरभाडं आहे, बाबांची औषधं आहेत. पण रोज ठरवत होते, एका रविवारी मोहन्याला जायचं आणि कमळाबाईला सांगायचं की नंबर मी दिला, नाव मी लिहिलं, काकांचं काही चुकलं नाही, त्यांना आत घे. चार महिने मी ठरवत होते.

माघात कमळाबाई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. काकांसाठी ते दार बंदच राहिलं.

पुण्यानुमोदन विहारात होतं. विनिताने सूत्रसंचालन प्रशांतला दिलं होतं. हा प्रशांत लग्नांत, वाढदिवसांत निवेदन करतो, मोबाइलमध्ये बघून बोलतो, माणूस वाईट नाही पण त्याला कायम पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं. काका आले होते. पांढरा झब्बा घालून अगदी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. तीस वर्षं जो माणूस पुढे उभा असायचा, तो पहिल्यांदा मागे बसलेला बघून दोन-तीन बायका एकमेकींकडे बघत होत्या.

मी बायकांच्या बाजूला, मध्यावर बसले होते. मी त्या दिवशी ठरवूनच गेले होते. उत्तमचं तिने सांगितलेलं मी कुणाला सांगणार नव्हते, ते तिचं होतं. मी एवढंच सांगणार होते की कमळाबाईंचा आणि भगवानकाकांचा अबोला झाला तो माझ्यामुळे, काकांनी माझी चूक अंगावर घेतली. सगळ्या वस्तीसमोर, तिच्या फोटोसमोर. तिला ऐकू गेलं नसतं, पण निदान तिच्यापुढे.

भाषणं झाली. एक जण स्वतःच्या नोकरीपासून सुरू झाला, दुसऱ्याने पाणीटंचाईवर बोलून घेतलं. विनिता दोन वाक्यं बोलली आणि रडायला लागली. मी वाट बघत होते.

प्रशांतने विचारलं, "आणखी कोणी?"

मी मोजायला लागले. एक. दोन. पदर नव्हता, ओढणी होती, ती नीट घेतली. जमिनीवर हात टेकला.

"नाही ना? चला, तर मग दोन मिनिटं शांत उभं राहून आपण..." प्रशांत म्हणाला, आणि सगळे उभे राहिले. त्या गर्दीत मीही उभी राहिले, पण आता ते उभं राहणं वेगळं होतं. दोन मिनिटांची शांतता त्याने चाळीस सेकंदांत संपवली. शेवटचं सरणत्तयं म्हणून झालं. लोक चपला शोधायला लागले.

बाहेर चहा चालू होता. काका पायरीवर एकटेच बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"काका, मी उठणार होते," मी म्हणाले. "सांगणार होते सगळ्यांना."

"बघितलं मी," ते म्हणाले. आवाज आणखी घोगरा झाला होता, बरेच दिवस न वापरलेला. "चारला ओढणी सावरलीस. पाचला हात टेकलास. मी मोजत होतो ना."

मी दोनच्या पुढे मोजायचंच विसरले होते. माझं मोजणंसुद्धा त्यांच्यासारखं नव्हतं. त्यांच्या हिशेबाने मी सातला उठले असते.

चार महिने न बोललेलं मी तेव्हा बोलले. "काका, त्या दिवशी वाटेत तुम्ही विचारलंत, गोलाचं. मला माहीत होतं. टाइप करताना मला आठवलं होतं. तरी केलं मी."

ते गप्प राहिले. आत विहारात कुणीतरी सतरंज्या गोळा करत होतं. मला कळलं की ते मोजत आहेत, आणि हेही कळलं की त्या वाटेवर काठी टेकून उभे होते तेव्हाही ते मोजतच होते. माझ्यासाठी. मीही मोजायला लागले, या वेळी श्वास घेत घेत, त्यांच्यासारखं.

दहा झाल्यावर ते म्हणाले, "हे तिला सांगायचं होतंस गं."